मढेवाट

प्रॉसरबाईंनी केकचा डबा ओट्यावर ठेवला, सांत्वनाचे दोन शब्द बोलल्या आणि लगेच विचारलं, "डॉक्टरांचे टाइप केलेले कागद सापडले का तुम्हाला?"

अण्णांना जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते, आणि मला त्या घरात पाऊल ठेवून तीन तास. माझी बॅगही अजून दारातच होती. मी म्हटलं, अजून काहीच पाहिलेलं नाही.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "पण अंत्यविधीच्या आधी मिळाले तर बरं. आणि तोवर कुणाला दाखवू नका."

घाई नाही आणि आधी हवेत, ही दोन्ही वाक्यं एकाच श्वासात कशी बसतात, याचा विचार करत मी चहाचं आधण ठेवलं. बाई सत्तरीच्या, काठी टेकत चालणाऱ्या. गावच्या पोस्टात त्यांनी तीस वर्षं काढली होती आणि आता त्या गावाच्या इतिहास मंडळाच्या सचिव होत्या. चहा पिताना त्यांची नजर अण्णांच्या टेबलाच्या खणांवरून दोनदा फिरून आली.

ही गोष्ट १९९६ च्या मार्चमधली. अण्णा म्हणजे डॉक्टर भास्कर पेंढारकर, मूळचे मिरजेचे. वेल्सच्या सीमेजवळच्या डोंगरात ॲल्डरकोट नावाचं साठ-सत्तर उंबऱ्यांचं गाव आहे, तिथे ते एकतीस वर्षं डॉक्टर होते. पेंढारकर हे नाव गावाच्या तोंडात मावेना, म्हणून लोकांनी ते कापून 'डॉक्टर पेन' केलं. मी आठ वर्षांची असताना आई गेली. रात्री-अपरात्री व्हिजिटला जाणाऱ्या माणसाने मुलगी कुणाजवळ ठेवायची, म्हणून अण्णांनी मला दोन वर्षांसाठी मिरजेला आत्याकडे पाठवलं. ती दोन वर्षं काही संपली नाहीत. मी तिकडेच शिकले, कोल्हापूरला कॉलेजात शिकवू लागले, आणि अण्णांची माझी गाठ मुख्यतः पत्रांतून पडत राहिली. निवृत्तीनंतर त्यांनी गावाचा इतिहास लिहायला घेतला. तेव्हापासून पत्रांत त्यांच्या गुडघ्यापेक्षा ॲल्डरकोटच्या जुन्या विहिरींची खबर जास्त असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक माणूस दिसला. उंच, हाडकुळा, हातात मोजपट्टी. आमच्या परसापलीकडे एक उतरतं कुरण होतं आणि त्याच्या तोंडाशी साखळी-कुलूप लावलेलं लाकडी फाटक. माणसाने फाटकाची रुंदी मोजली, वहीत काही लिहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि कुंपणाच्या कडेकडेने निघून गेला. माणसं मोजमाप घेतात त्यात काही वावगं नाही. पण मोजून झाल्यावर कुणी पाहिलं तर नाही ना, हे पाहतात तेव्हा वावगं वाटतं.

दुपारी तोच माणूस प्रॉसरबाईंबरोबर दारात उभा. आयव्हर बेब, गावचा सुतार. टोपी हातात घेऊन बसला आणि बराच वेळ त्याने टोपीशिवाय कशाकडे पाहिलं नाही. बोलल्या त्या बाईच.

त्यांचं म्हणणं असं, की आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, चर्च खालच्या अंगाला. मधलं कुरण ओलांडून एक जुनी वाट जाते. वरच्या वाडीला स्वतःची दफनभूमी नव्हती. तेव्हा शेकडो वर्षं तिथली मढी त्या वाटेने खांद्यावरून खाली नेत, आणि तिचं जुनं इंग्रजी नावही आपण मढेवाट म्हणू असंच आहे. गाडी रस्त्याने नेली तर दोन मैलांचा वळसा. त्यापेक्षा डॉक्टरांना गावाने खांद्यावरून चर्चच्या दारापर्यंत न्यावं आणि तिथून पुढे गाडीने शहरातल्या दाहगृहाकडे. मी हो म्हणावं, एवढीच विनंती.

परक्या मुलुखात पैसे देऊन आणलेली चार माणसं अण्णांना उचलतील, हे मी विमानात मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. मी नुसती मान हलवली. मग सहज विचारलं, "पण त्या फाटकाला तर कुलूप आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ते आमच्यावर सोपवा, मिस," बेब पहिल्यांदाच बोलला.

"आणि कागदांचं विसरू नका," जाताना प्रॉसरबाई म्हणाल्या.

ती दोघं वळणाआड जातात न जातात तोच मागच्या दारावर थाप पडली. दारात साठीचा एक जाडजूड माणूस होता, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, मागे कुत्रा. आत या म्हटलं तर तो बुटांकडे बोट दाखवून बाहेरच उभा राहिला. नाव सांगितलं, टेड मॅडॉक्स. कुरण त्याचं होतं.

"तुम्हाला विचारून गेले ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

मग त्याने पाच वर्षांपूर्वीची हकिगत सांगितली. त्याच्या वडिलांच्या काळापासून फाटकावर पाटी होती, 'मालकाच्या परवानगीने'. लोक जात-येत, कुणाची हरकत नव्हती. मग एका वसंतात कुणाच्या तरी कुत्र्याने त्याची अकरा कोकरं फाडली. कुत्रं कुणाचं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि एकानेही तोंड उघडलं नाही. त्या संध्याकाळी पबमध्ये सगळ्यांच्या देखत तो म्हणाला होता, की आजपासून हे फाटक मी जिवंत माणसासाठी उघडणार नाही. आणि उघडलं नव्हतं.

"इथे असं मानतात, मिस पेन, की ज्या वाटेने एकदा मढं गेलं ती वाट कायमची सगळ्यांची झाली. मालकाला मग ती बंद करता येत नाही. आता कळलं, तुमचे वडील त्यांना कशाला हवे आहेत ते?"

मी दाराची कडी धरली होती, ती घट्ट धरली.

"तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "पण आधी डॉक्टरांनी लिहिलेलं वाचा. त्यांनी सगळं लिहून ठेवलंय." कुत्र्याला शीळ घालून तो निघून गेला. पायरीवर कागदी पिशवीत सहा अंडी होती. ती कधी ठेवली, मला दिसलंही नव्हतं.

बाड टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात होतं. दोनशे चौदा पानं, एका बाजूला टाइप केलेली. मी खिडकीशी बसून ते वाचायला घेतलं. अण्णांचं इंग्रजी त्यांच्या मराठीसारखंच होतं, आखूड वाक्यांचं, मध्येच डोळा मिचकावणारं. गिरणीवरून झालेली भांडणं, चर्चच्या फुटक्या घंटेची कहाणी, एका पाद्र्याने पाळलेली सतरा डुकरं. सातवं प्रकरण मढेवाटेचं होतं. कुरणाच्या मधोमध एक सपाट दगड आहे, त्यावर शवपेटी टेकवून खांदेकरी दम घेत आणि खांदे बदलत, असं लिहून अण्णांनी पुढे एक वाक्य घातलं होतं: 'माझ्या जन्मगावी नदीवर जाताना तिरडी अशीच वाटेत टेकवतात. त्या जागेला आम्ही विसावा म्हणतो. ॲल्डरकोटमध्ये मला परकं वाटेनासं झालं ते हा दगड पाहिल्यावर.'

पत्रांत हे त्यांनी मला कधी लिहिलं नव्हतं.

आणि मग पान त्र्याऐंशी. प्रेत नेल्याने वाट सार्वजनिक होते, हा समज इंग्लंडभर आहे आणि इंग्लंडभर चुकीचा आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. कायद्यात त्याला कधीच आधार नव्हता. आज एखाद्या मालकाने पेटी जाऊ दिली आणि उद्या सकाळी फाटकाला कुलूप घातलं, तर त्याला कोणी काही करू शकत नाही.

आता मला सगळं दिसू लागलं. कागद अंत्यविधीच्या आधी का हवे होते, कुणाला का दाखवायचे नव्हते. मॅडॉक्सला भीती घालायची, अण्णांच्या पेटीची पाचर त्याच्या फाटकात ठोकायची, आणि ती पाचर खोटी आहे हे सांगणारं पान नाहीसं करायचं.

मी पान उचललं आणि तशीच प्रॉसरबाईंकडे गेले. बेब तिथेच होता. पान टेबलावर ठेवून मी विचारलं, हे तुम्हाला माहीत आहे का.

बाईंनी चष्मा लावला, पण वाचलं नाही. "साऱ्या गावाला माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. दोन हिवाळ्यांमागे अण्णांनी गावच्या सभागृहात याच विषयावर भाषण दिलं होतं. सगळे आले होते. फक्त टेड नव्हता. कोकरांच्या प्रकारापासून तो गावात मिसळत नाही.

"म्हणजे त्या एकट्याला माहीत नाही, आणि तुम्ही त्याला फसवणार. माझ्या वडिलांना खांद्यावर घेऊन."

"कल्पना तुमच्या वडिलांचीच," त्या म्हणाल्या.

मी हसले असावे, कारण बेबने टोपी खाली ठेवली. "भाषण झाल्यावर म्हणाले, मिस. म्हणाले, मी गेलो की मला त्या वाटेने न्या. टेड फाटक उघडेल. आणि नंतर हे पान कुणी त्याला वाचून दाखवू नका."

"माझे वडील तुम्हाला खोटं बोलायला सांगतील?"

"खोटं बोला नाही म्हणाले. गप्प राहा म्हणाले. डॉक्टरांना त्यातला फरक चांगला कळायचा."

गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. मी तसं बोलून दाखवलं. बेब तापला, बाईंच्या काठीकडे बोट करून म्हणाला, "त्या वळणावर दुधाच्या लॉरीने यांना उडवलं, ते विचारा तरी. फाटक उघडं असतं तर त्या रस्त्याला गेल्या असत्या का?" बाईंनी त्याला हाताने गप्प केलं. तो विषय त्यांना माझ्यापुढे नको होता. ते पाहूनही मी विरघळले नाही. गाडी रस्त्यानेच जाईल, असं सांगून मी पान घेऊन उठले.

घरी जायला तोच रस्ता होता. दोन्हीकडे माणसाहून उंच कुंपण, पायवाट नाही. पहिल्याच वळणावर लाकडाचा ट्रक आला आणि मला काट्यांत पाठ रुतवून उभं राहावं लागलं. ट्रक गेला तरी मी तशीच उभी होते, कारण मला एक फोन आठवला.

तीन आठवड्यांपूर्वीचा, रविवारचा. अण्णांना धाप लागत होती, तरी मध्येच हसून म्हणाले, "शालू, इथे मला चार खांदे मिळतील गं. जागा जरा अडचणीची आहे, पण मिळतील."

मी म्हटलं होतं, "असलं काही बोलू नका, अण्णा. गोळ्या वेळेवर घेताय का ते सांगा."

ते म्हणाले, घेतोय. आणि मग त्यांनी कोल्हापुरातल्या थंडीची चौकशी केली.

जागा अडचणीची. म्हातारपणी माणूस भरकटतो, असं मी त्या वेळी धरलं होतं.

मी परत फिरले. बेब बाईंच्या अंगणात सायकलवर बसत होता. त्याला म्हटलं, "चार माणसं सांगा."

"सांगितलीत," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "सहा सांगितलीत, मिस. दगडापाशी खांदे बदलावे लागतात."

शुक्रवारी सकाळी अकराला आम्ही निघालो. आकाश राखेसारखं होतं, पाऊस नव्हता. परसातून पन्नासेक पावलांवर फाटक. गाव मागे होतं, सगळं गाव. बेब पुढच्या उजव्या खांद्याला होता आणि त्याची नजर फाटकावर होती.

फाटकापलीकडे मॅडॉक्स उभा होता. काळा कोट, तेच चिखलाचे बूट. साखळी जागच्या जागी.

खांदेकरी थांबले. पेटी खांद्यावर, समोर कुलूप. पाव मिनिट गेलं असेल, पण पेटीचं वजन चौघांच्या मानेच्या शिरांत दिसू लागलं.

"टेड," बेब एवढंच म्हणाला.

मॅडॉक्सने त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं. "वाचलंत?"

"वाचलं."

"आणि तरी ही वाट. तुमची इच्छा?"

तेव्हा मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं: साहेब, तुमचं काही जात नाही, उद्या खुशाल कुलूप लावा. वाक्य जिभेवर होतं. आयुष्यभर मी वर्गात मुलांना सांगत आले होते, की पुरावा हाती असताना गप्प राहणं हेही खोटंच. माझ्या मागे प्रॉसरबाईंची काठी मातीत एकदा खुपसल्याचा आवाज आला.

"माझी इच्छा," मी म्हटलं. "त्यांचीही."

"ठीक. मला कोणी सांगितलं नव्हतं, असं उद्या कोणी म्हणायचं नाही."

धमकी होती की शरणागती, मला कळलं नाही. त्याने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, साखळी ओढून गवतात टाकली. फाटक तो उघडील असं वाटलं. पण त्याने ते दोन्ही हातांनी धरून बिजागऱ्यांवरून वर उचललं, पावसापाण्याने जड झालेलं ते धूड एकट्याने पेलून बाजूला नेलं आणि कुंपणाला टेकवून ठेवलं. मग टोपी काढून वाटेच्या कडेला झाला.

कुरणाच्या मधोमध दगड आला. थांबायची खूण कुणी करायची गरज नव्हती. पेटी टेकवली गेली आणि सगळे जरा मागे सरले. मी खाली वाकून दगडाला हात लावला. गार होता, आणि मधोमध किंचित खोलगट. उचलायची वेळ आली तेव्हा मागच्या डाव्या खांद्याला जो माणूस पुढे होत होता, त्याला मॅडॉक्सने कोपराने हलकेच बाजूला केलं आणि स्वतः खांदा दिला. बेबने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बाड प्रॉसरबाईंच्या हवाली केलं. त्यांनी तिथेच बसून पानं चाळली. ब्याऐंशीनंतर चौऱ्याऐंशी आलं तिथे त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी बाडाला फीत बांधली आणि विचारलं, केक आणखी घेता का. पान त्र्याऐंशी माझ्या बॅगेत, साडीच्या घडीत होतं.

पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. मुखपृष्ठावर दगडाचं चित्र. बाईंच्या पत्रांतून कळत राहिलं, की मॅडॉक्सने फाटक परत लावलंच नाही. लोक जाऊ-येऊ लागले, पोरं शाळेला त्याच वाटेने उतरू लागली. दर पत्रात मी ते वाक्य शोधत असे आणि सापडलं की मला बरं वाटे. आणि मग त्या माणसाला आपण गप्प राहून फसवलं, हे मनाला खात राही. बाई दोन हजार सातमध्ये गेल्या. त्यांनाही त्याच वाटेने नेलं, असं बेबने कळवलं.

दोन हजार अकराच्या ऑगस्टमध्ये अनोळखी अक्षरातला एक लिफाफा आला. मॅडॉक्सची मुलगी ग्वेन हिचा. वडील जूनमध्ये गेले, त्यांच्या बायबलमध्ये सोबतचा कागद होता. त्यांनी बजावून ठेवलं होतं, की हा मिस पेनला पाठव, पण माझ्या मागे पाठव, आधी नको.

कागद चार घड्यांचा होता, घड्यांवर विरलेला. कार्बन प्रत. पान त्र्याऐंशी.

शेवटच्या परिच्छेदाखाली अण्णांनी शाईने रेघ ओढली होती आणि समासात लिहिलं होतं: 'टेड, तुमची जमीन कुठेही जात नाही. तेव्हा मी मेल्यावर कुलूप काढायला भिऊ नका. शपथ जिवंत माणसांपुरती होती, मी ऐकली आहे.' खाली आद्याक्षरं आणि तारीख. ऑक्टोबर १९९३. सभागृहातल्या भाषणाच्या आदल्या महिन्याची. म्हणजे गावाच्याही आधी टेडला माहीत होतं.

मी माझं पान काढून त्याच्या शेजारी ठेवलं. एक नवंकोरं, एक हाताळून मऊ झालेलं.

ग्वेनने शेवटी विचारलं होतं, की मंडळ पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढतंय, मूळ बाडातलं काही राहून गेलं असेल तर त्यांना हवं आहे. कुरण आता तिच्या नावावर आहे, आणि फाटक तिथेच कुंपणाला टेकलेलं आहे, त्यातून खाजरं रान उगवतं.

मी तिला लिहिलं, की माझ्या माहितीप्रमाणे काही राहिलेलं नाही.